नेमकं औषध आणि लांबचा रस्ता

(देवास जिल्ह्यातील हाटपिपल्या येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आज मी ज्या आजारावर बोलणार आहे, त्याचं नाव घरात कुणी मोठ्याने घेत नाही. ज्याला झाला त्याला तर सांगतच नाहीत. सांगतात ते थोरल्या मुलाला, दवाखान्याच्या जिन्यात. मग तो मुलगा खाली येतो आणि वडिलांना म्हणतो, ‘काही नाही, गाठ आहे, काढून टाकू.’ वडिलांना सगळं कळलेलं असतं. तेही म्हणतात, ‘बरं.’ असं आपलं एकमेकांना सांभाळणं वर्षानुवर्षं चालू आहे. आपल्या देशात वर्षाला साधारण १४ लाख लोकांना नव्याने कॅन्सर होतो. इतक्या घरांनी जिन्यात कुजबुजण्यापेक्षा सभागृहात मोकळं बोललेलं बरं, म्हणून हा विषय.

अलीकडे या कुजबुजीत दोन नवे शब्द आले आहेत. ‘साहेब, ती टार्गेटेडची गोळी मिळते म्हणे?’ ‘पुण्याचा भाचा म्हणतो, केमो नको, इम्युनो द्या.’ भाच्याने मोबाइलवर काहीतरी वाचलेलं असतं. त्याचं चूक नाही, काळजीपोटीच वाचतो बिचारा. पण टार्गेटेड म्हणजे काय, इम्युनो म्हणजे काय, ते कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, हे नीट समजल्याशिवाय मागितलं तर दोन गोष्टी होतात. एक तर शेती गहाण पडते, किंवा जे औषध खरोखर उपयोगी पडलं असतं ते राहून जातं.

म्हणून आज चार मुद्दे मांडतो. पहिला, नेम धरून मारणारी औषधं. दुसरा, शरीराच्या स्वतःच्या संरक्षणाला मोकळं करणारी औषधं. तिसरा, रुग्णाच्याच पेशींचं औषध. आणि चौथा, हे सगळं आपल्यापर्यंत पोचायचा रस्ता. माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला आठची बस गाठायची असेल तर तो निर्धास्त जाईल. औषध जितकं नेमकं, तितकी तपासणी नेमकी लागते. आणि औषध शोधणं जेवढं विज्ञानाचं काम आहे, तेवढंच ते हाटपिपल्यापर्यंत पोचवणंही विज्ञानाचंच काम आहे.

तर पहिला मुद्दा.

कॅन्सर बाहेरून येत नाही. तो क्षयाच्या जंतूसारखा परका नाही. तो आपल्याच पेशीचा बिघाड आहे. आपल्या शरीरात पेशी सतत विभागत असतात, जुन्या जातात, नव्या येतात. कधी वाढायचं, कधी थांबायचं, कधी मरायचं, याच्या सूचना प्रत्येक पेशीच्या जनुकांत असतात. त्या सूचना बिघडल्या, एकाच पेशीत एकामागून एक बिघाड साठत गेले, की ती थांबायचं विसरते. शत्रू परका असता तर त्याला मारणं सोपं होतं. इथे मारायचं आहे आपल्याच माणसाला, आणि शेजारच्यांना धक्का न लावता. जुनी केमो काय करते? जी पेशी विभागते आहे तिला मारते. कॅन्सरची पेशी वेगाने विभागते म्हणून ती मरते. पण केसांच्या मुळाच्या, तोंडाच्या आतल्या अस्तराच्या, हाडांच्या मगजातल्या पेशीही वेगाने विभागतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, रक्त कमी होतं. केमोला नावं ठेवू नका. तिने लाखो माणसं वाचवली आहेत आणि आजही वाचवते आहे. पण तिला बिघडलेली पेशी आणि चांगली पेशी यांतला फरक कळत नाही.

इथे शेतकरी पुष्कळ बसले आहेत, म्हणून एकच उपमा देतो. उभ्या सोयाबीनमध्ये तुम्ही असं तणनाशक फवारता, की तण जळतं आणि सोयाबीन राहतं. का राहतं? कारण अशा काही औषधांचा मारा ज्या जागी बसतो, त्या जागी तणात आणि सोयाबीनमध्ये फरक आहे. टार्गेटेड औषधाचं तत्त्व हेच. कॅन्सरच्या पेशीत असा एखादा फरक शोधायचा, की ज्याच्या जोरावरच ती वाढते आहे, आणि फक्त त्याच्यावर मारा करायचा.

असा फरक पहिल्यांदा कुठे सापडला? १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, एक गुणसूत्र आखूड दिसलं. ते आखूड का झालं, हे कळायला १९७३ उजाडलं. जॅनेट रोली या बाईंनी दाखवलं, की नऊ क्रमांकाच्या आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले आहेत. त्या चुकीच्या जोडणीतून एक नवं प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला ‘वाढ, वाढ’ एवढंच सांगत राहतं, थांबतच नाही. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचं काम बंद पाडणारा रेणू बनवला. निकोलस लायडन आणि ब्रायन ड्रकर ही त्यातली मोठी नावं. औषधाचं नाव इमॅटिनिब. १० मे २००१ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रोज तोंडाने गोळी घ्यायची. ज्या आजारात पूर्वी काही वर्षांत माणूस जायचा, त्यात ही गोळी सुरू केलेल्या शंभर रुग्णांपैकी दहा वर्षांनीही त्र्याऐंशी हयात होते. १९६० ते २००१. एक बिघाड दिसण्यापासून गोळी येईपर्यंत एक्केचाळीस वर्षं. विज्ञान हळू चालतं, पण चालतं.

दुसरं उदाहरण आपल्या बहिणींचं. स्तनाच्या कॅन्सरच्या दर पाच-सहा रुग्णांपैकी एकीच्या गाठीवर हर-टू नावाचं प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेलं असतं. त्यावर जाऊन बसणारं ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन १९९८ साली आलं. ज्या बाईच्या गाठीत हर-टू वाढलेलं आहे तिचं आयुष्य या औषधाने बदलतं. जिच्यात नाही, तिला त्याचा काडीचा उपयोग नाही.

तिसरं उदाहरण फुप्फुसाचं. ‘आमच्या आईने आयुष्यात विडीला हात लावला नाही, तिला कसा झाला?’ हा प्रश्न डॉक्टरांना नेहमी ऐकावा लागतो. होतो, विडी न ओढणाऱ्यांनाही होतो. आणि त्यांच्यात बरेचदा ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो. भारतात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका मोठ्या प्रकारात साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत तो असतो. त्यांच्यासाठी जेफिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. आता नीट ऐका. पूर्व आशियात बाराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली आले. ज्यांच्यात हा बदल होता, त्यांना केमोपेक्षा गोळीचा जास्त फायदा झाला. आणि ज्यांच्यात नव्हता? त्यांचं गोळीवर केमोपेक्षा वाईट झालं. तीच गोळी, तोच आजार. एकाला तारणारी, दुसऱ्याचा वेळ खाणारी. फरक कशाने कळला? तपासणीने.

म्हणून मी म्हणतो, औषध नेमकं आणि तपासणी अंदाजे, असं चालत नाही. गाठीचा तुकडा काढतात, बायोप्सी करतात, तेव्हा तो तुकडा मेणाच्या एका छोट्या ठोकळ्यात जपून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. हर-टू असो, ईजीएफआर असो, पुढच्या बहुतेक तपासण्या त्या ब्लॉकवरच होतात. आपल्याकडे लोक इंदूरहून मुंबईला जाताना एक्स-रे नेतात, सीटी स्कॅनची भली मोठी पिशवी नेतात, आणि ब्लॉक प्रयोगशाळेत राहतो. मुंबईला पोचल्यावर कळतं, ब्लॉक हवा होता. मग पुन्हा सुई, पुन्हा आठवडा.

आणि या औषधांचा एक कमकुवतपणाही सांगितला पाहिजे. सोयाबीनवर एकच तणनाशक वर्षानुवर्षं फवारलं की काय होतं, ते तुम्हीच जाणता. जे तण मरत नाही ते उरतं आणि पुढच्या हंगामात तेच शेतभर होतं. कॅन्सरचंही तसंच. कोट्यवधी पेशींत दोन-चार अशा असतात की त्यांच्यावर गोळी बसत नाही. बाकीच्या मेल्या की रान त्यांचंच. म्हणून वर्ष-दीड वर्ष उत्तम चाललेली गोळी एक दिवस चालेनाशी होते. तेव्हा घरचे म्हणतात, ‘डॉक्टर, औषध बनावट आलं का?’ नाही हो, आजार बदलला. मग पुन्हा तपासणी, पुढची गोळी. फुप्फुसात जेफिटिनिबनंतर ओसिमर्टिनिब आली ती अशीच.

आता दुसरा मुद्दा, इम्युनोथेरपी.

एक खुलासा आधी करतो. बाजारात ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून काढे, चूर्णं, पावडरी मिळतात. इम्युनोथेरपीशी त्यांचा काहीही संबंध नाही. नावात थोडं साम्य आहे, बाकी काही नाही. (हशा) हसू नका, या गैरसमजावर घरोघरी हजारो रुपये गेले आहेत.

आपल्या रक्तात टी-पेशी असतात. त्या शरीरभर गस्त घालतात, बिघडलेली पेशी ओळखतात आणि मारतात. मग प्रश्न असा, की त्या असताना कॅन्सर वाढतोच कसा? हा प्रश्न जुना आहे. १८९१ साली न्यूयॉर्कचे एक शल्यचिकित्सक, विल्यम कोली, कॅन्सरच्या रुग्णाला मुद्दाम जंतूंचं इंजेक्शन देत होते. ताप आला, संरक्षण जागं झालं, की गाठ विरघळेल अशी त्यांची आशा. काहींच्या गाठी विरघळल्याही. पण का विरघळल्या आणि बाकीच्यांच्या का नाही, हे कुणाला सांगता येईना. उत्तर मिळायला शंभर वर्षं गेली.

उत्तर असं, की टी-पेशीला मारण्याची सूचना जशी असते तशी थांबण्याचीही असते. ती असायलाच हवी. नाहीतर जंतू मेल्यावरही ती मारत सुटेल, आणि मारायला कुणी नाही म्हणून आपल्याच आतड्याला, आपल्याच सांध्याला मारेल. टी-पेशीच्या पृष्ठभागावर पीडी-वन नावाचं प्रथिन असतं. समोरच्या पेशीने त्याला जोडीदार प्रथिन लावलं, की टी-पेशी थांबते. हे संरक्षण आपल्या निरोगी अवयवांसाठी आहे. कॅन्सरच्या अनेक पेशी काय करतात? तेच जोडीदार प्रथिन अंगावर घेऊन बसतात. टी-पेशी येते, स्पर्श करते, थांबते आणि परत जाते.

जपानच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली पीडी-वन सापडलं. अमेरिकेत जेम्स अॅलिसन यांनी सीटीएलए-फोर या दुसऱ्या प्रथिनावर काम केलं आणि ते अडवलं तर उंदरांच्या गाठी नाहीशा होतात हे दाखवलं. त्यातून आलेलं इपिलिमुमॅब २०११ साली मान्य झालं. पीडी-वनवरचं निवोलुमॅब २०१४ साली आधी जपानमध्ये आलं. २०१८ चं वैद्यकाचं नोबेल होन्जो आणि अॅलिसन या दोघांना मिळालं. ही औषधं काय करतात? थांबण्याची सूचना पोचूच देत नाहीत. बस, एवढंच. कॅन्सरच्या पेशीला ती हातही लावत नाहीत. मारतं ते आपलं रक्त.

यातून तीन गोष्टी निघतात आणि त्या तिन्ही तुमच्या कामाच्या आहेत.

एक. हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही. टी-पेशी गाठीपर्यंत पोचलेल्याच नसतील, किंवा गाठीत ओळखण्याजोगं काही नसेल, तर सूचना अडवून काय होणार? त्वचेचा मेलॅनोमा, काही फुप्फुसाचे, जनुकांची दुरुस्ती बिघडलेले काही आतड्याचे कॅन्सर यांत ते छान चालतं. इतर कित्येकांत फारसं चालत नाही. इथेही तपासणी आलीच.

दोन. ज्यांना लागू पडतं, त्यांच्यातल्या काहींत त्याचा परिणाम वर्षानुवर्षं टिकतो, औषध बंद केल्यावरही. टी-पेशी लक्षात ठेवतात. केमोत हे सुख नव्हतं.

तीन, आणि हे माझ्या गावोगावच्या डॉक्टर मित्रांसाठी आहे. मोकळी सुटलेली टी-पेशी आपल्याच अवयवांवर उलटू शकते. जुलाब लागतात, थायरॉइड बिघडतं, फुप्फुसाला सूज येते, अंगावर पुरळ उठतं. महिन्यामागे मुंबईत इम्युनोचं इंजेक्शन घेऊन आलेला रुग्ण जुलाब म्हणून तुमच्याकडे आला, तर ते लग्नाच्या जेवणातलं दुखणं समजून गोळी देऊन घरी पाठवू नका. त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. त्याला सलाइन आणि अँटिबायोटिकने नाही, बरेचदा स्टेरॉइडने उतार पडतो, तोही वेळेवर दिलं तर. उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. तालुक्याच्या गावातला एक सावध डॉक्टर या उपचारात मुंबईच्या तज्ज्ञाइतकाच महत्त्वाचा आहे.

तिसरा मुद्दा, रुग्णाच्याच पेशींचं औषध.

टी-पेशीला ओळखता येत नसेल, तर तिला ओळखायला शिकवलं तर? रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने, त्यांत एक नवं जनुक घालायचं. त्या जनुकामुळे पेशीच्या अंगावर एक नवा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, उगवतो, जो कॅन्सरच्या पेशीवरचं ठरावीक प्रथिन बरोबर धरतो. अशा पेशी कोट्यवधींनी वाढवायच्या आणि सलाइनमधून परत रुग्णाला द्यायच्या. याला कार-टी म्हणतात. अमेरिकेत २०१७ साली पहिली मान्यता मिळाली. खर्च? काही कोटी रुपये. तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी परदेशातल्या चमत्कारासारखी छापली.

पण पेशी शरीराबाहेर वाढवण्याची ही कला मुंबईत नवी नव्हती. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्याआधी त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ही विद्या शिकून आल्या होत्या. त्यांना १९८२ साली पद्मभूषण मिळालं. तेच केंद्र पुढे टाटा स्मारक केंद्राचा भाग झालं आणि आज नवी मुंबईत खारघरला ‘अॅक्ट्रेक’ या नावाने उभं आहे. आणि आयआयटी मुंबईच्या डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटांच्या डॉक्टरांबरोबर बनवलेल्या देशी कार-टीची पहिली चाचणी २०२१ साली तिथेच झाली. त्या औषधाचं नाव नेक्सकार-नाइन्टीन. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला देशात मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत त्याचं लोकार्पण झालं. चाचण्यांत ज्या रुग्णांवर परिणाम मोजता आला, त्यांतल्या शंभरी त्र्याहत्तर जणांचा आजार उतरला. हे सगळे असे रुग्ण होते, ज्यांच्यावर बाकीचे उपचार थकले होते. तेव्हा किंमत तीस-चाळीस लाखांच्या घरात, परदेशातल्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात.

टाळ्या वाजवा, वाजवायलाच हव्यात. पण मर्यादाही लक्षात ठेवा. हे औषध बी-पेशींच्या रक्ताच्या आणि लसिकेच्या कॅन्सरसाठी आहे. गालातल्या, स्तनातल्या, आतड्यातल्या गाठीवर ही पद्धत अजून असं यश देत नाही. आणि दहावा हिस्सा झाला तरी चाळीस लाख हे चाळीस लाखच. हाटपिपल्यात किती घरांत ते निघतील?

म्हणजे आपण चौथ्या मुद्द्यावर आलोच. रस्ता.

देवास जिल्ह्यात बसून औषधाच्या रस्त्याबद्दल बोलायचं तर एक उदाहरण सगळ्यांच्या घरचं आहे. १९४८ साली क्षयाने आजारी असलेले गायक कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी देवासला आले. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ सालीच अमेरिकेत सापडलं होतं. ते कुमारजींपर्यंत पोचायला काही वर्षं गेली. पोचलं, आणि १९५३ साली ते पुन्हा मैफलीत गायले. त्यानंतरची चार दशकं भारतीय संगीताने काय कमावलं, ते मी माळव्यात सांगायला नको. आता विचार करा, त्या काळात औषध न पोचलेली किती माणसं याच हवेत खाटेवर पडून होती? त्यांच्यात कोण गाणारं होतं, कोण शिकवणारं होतं, कुणाला माहीत?

औषध पोचवणं म्हणजे नुसता मालाचा प्रवास नाही. त्यात कायदा असतो, गणित असतं, संशोधन असतं. इमॅटिनिबचंच घ्या. मूळ कंपनीच्या ब्रँडची किंमत महिन्याला लाखाच्या वर होती. आपल्याकडच्या कंपन्या तेच औषध दहा हजारांच्या आत देत होत्या. पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी निकाल लागला. जुन्याच रेणूचं थोडं वेगळं रूप, उपचारात ठोस जास्त गुण नसेल, तर पेटंट मिळणार नाही. त्या निकालाने हजारो घरांत ती गोळी चालू राहिली.

दुसरं, मात्रेचं गणित. तोंडाचा, घशाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेला की निवोलुमॅबचा उपयोग होतो, पण शंभरातल्या तीन जणांनाही ते परवडत नव्हतं. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला. एवढी मात्रा खरंच लागते का? नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. म्हणजे सहा आठवड्यांत ७२०. त्यांनी दिली दर तीन आठवड्यांनी २०, म्हणजे सहा आठवड्यांत ४०. जोडीला तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त गोळ्या. १५१ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षानंतर शंभरातले सोळा हयात होते. हे छोटं इंजेक्शन मिळालेल्यांत त्रेचाळीस.

आता याचा अर्थ काय आणि काय नाही? छोटी मात्रा मोठ्या मात्रेइतकीच चांगली, असं यातून सिद्ध होत नाही. तशी तुलना त्यात केलीच नव्हती. आजार कायमचा बरा होतो, असंही नाही. आयुष्य काही महिन्यांनी वाढतं. पण ज्याला मोठी मात्रा मिळणारच नाही, त्याच्यासाठी ‘काहीच नाही’ या उत्तराऐवजी एक खरं उत्तर मिळालं. हे संशोधन परळमध्येच व्हायचं होतं. ज्यांचा रुग्ण श्रीमंत, त्यांना हा प्रश्न पडत नाही. आणि औषध कमी विकलं जाण्यासाठी कुठली कंपनी प्रयोग करील?

तिसरं, एकत्र खरेदी. देशातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याने, नॅशनल कॅन्सर ग्रिडने, चाळीस औषधांसाठी एकत्र बोली लावली. किमती तेवीस टक्क्यांपासून नव्याण्णव टक्क्यांपर्यंत खाली आल्या. एकट्याने मागितलं तर औषध महाग, सगळ्यांनी मिळून मागितलं तर स्वस्त. हा हिशेब मंडीतल्या माणसाला मी काय समजावणार!

आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यात शस्त्रक्रिया, केमो, किरणं यांचा मोठा भाग भागतो. पण मुंबईला जाणाऱ्या अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंतचे दिवस, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे कुठल्या कार्डावर नसतं. ते गाव देतं, नातं देतं. म्हणून नेमकी तपासणी पहिल्या फेरीतच झाली पाहिजे. गरिबाला दुसरी फेरी परवडत नाही.

आणि आता शेवटची, सगळ्यात कडू गोष्ट. नेम धरणारं औषध छान चालतं ते एकच मोठा बिघाड असेल तेव्हा. इमॅटिनिबचं यश त्यातच आहे. आपल्याकडच्या पुरुषांचा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर कुठला? तोंडाचा. तो बहुतांशी तंबाखूचा. आणि तंबाखू पेशीत एक बिघाड करत नाही, शेकड्यांनी करते. त्यातही वाढीची सूचना अडकून बसण्यापेक्षा थांबण्याची सूचनाच नष्ट झालेली असते. अडकलेली सूचना अडवता येते. नष्ट झालेली परत कुठून आणणार? म्हणजे जगात नेमकी औषधं इतकी आली, पण आपल्या घरच्या कॅन्सरवर त्यांचा नेम फार कमी लागतो.

तोंडाचा कॅन्सर तंबाखूचा, हे कळायला नवं विज्ञानही नको. डॉ. वसंत रामजी खानोलकर, टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ साली छापला. तंबाखू-चुना तोंडात जिथे धरायचा, तिथेच रोग. ऐंशी वर्षं झाली. गुटख्यावर बंदी घालणारं देशातलं पहिलं राज्य आपलं मध्य प्रदेश, तारीख १ एप्रिल २०१२. आज काय दिसतं? पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची पुडी वेगळी, दोन्ही एकाच टपरीवर शेजारी शेजारी. मिसळायचं काम गिऱ्हाइकाने करायचं. (शांतता) यावर आपण हसलो नाही, हे बरं झालं.

मंडळी, सारांश सांगतो आणि थांबतो. टार्गेटेड औषध पेशीतल्या एका ठरावीक बिघाडावर बसतं, म्हणून तो बिघाड तपासल्याशिवाय घेऊ नये. इम्युनोथेरपी टी-पेशीला मोकळं करते, म्हणून ती काहींनाच लागते आणि तिचे त्रास वेगळे असतात. कार-टी आपल्याच पेशी शिकवून परत देते, आणि आज ती काही रक्ताच्या कॅन्सरपुरती आहे. आणि या औषधांचा रस्ता छोटा करण्यात मुंबईतल्या संशोधकांनी मोठं काम केलं आहे.

तुमच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. बायोप्सी झाली की कागदाबरोबर ब्लॉकही मागून घ्या आणि पुढच्या डॉक्टरांकडे न्या. कुठलंही महाग इंजेक्शन सुरू करण्याआधी विचारा, ‘हे कुठल्या तपासणीवरून देता आहात, आणि किती महिन्यांचा फायदा अपेक्षित आहे?’ चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. आणि तोंडात तीन आठवड्यांहून जुनी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. या टप्प्यावर पकडलेल्या तोंडाच्या कॅन्सरला टार्गेटेड लागत नाही, इम्युनो लागत नाही. बहुतेकदा साधी शस्त्रक्रिया पुरते, आणि माणूस बरा होऊन कामावर जातो.